आज्ञापत्रातील टोपीकर आणि वतनदार : एका राजनैतिक दंडकाची चिकित्सा

१

कोणत्याही समाजाचे परराष्ट्रीय वर्तन केवळ सैन्यबळाने किंवा द्रव्यबळाने ठरत नाही. कोणाला पाहुणा मानावे, कोणाला व्यापारी समजावे, कोणाशी केलेला करार पाळावा आणि कोणाच्या बाबतीत सावध राहावे, याविषयीचे जे अलिखित संकेत त्या समाजात रूढ असतात, त्यांचाही त्या वर्तनात मोठा वाटा असतो. अशा संकेतांना येथे ‘दंडक’ म्हटले आहे. दंडक म्हणजे कायदा नव्हे. कायद्यामागे शासनाची शिक्षा असते, दंडकामागे योग्यायोग्यतेची सामाजिक जाणीव असते. ती जाणीव शिथिल झाली की दंडक शब्दरूपाने उरतो आणि त्याचा अंमल संपतो.

या दृष्टीने मराठी राजनीतिवाङ्मयात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राइतका उद्बोधक ग्रंथ दुसरा नाही. कोल्हापूरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या नावाने १७१५ मध्ये तो सिद्ध झाला. त्याचे कर्ते रामचंद्र नीळकंठ हे १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अमात्यपदावर होते. राजाराम महाराज जिंजीस असताना ‘हुकूमतपनाह’ या नात्याने महाराष्ट्रातील कारभाराचा भार त्यांनीच वाहिला. आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशी राज्याची दोन शकले झालेलीही त्यांनी पाहिली. चाळीस वर्षांच्या अशा अनुभवातून उतरलेला हा ग्रंथ आहे.

आज्ञापत्रातील टोपीकरांविषयीचा भाग विशेष प्रसिद्ध आहे. इंग्रजांचा धोका इतक्या आधी ओळखणारा द्रष्टा, असा गौरव त्याच्या आधारे अमात्यांच्या वाट्यास आला, आणि तो अयोग्य नव्हे. परंतु या गौरवात एक उणीव राहून गेली आहे. टोपीकरांचा भाग ग्रंथातून वेगळा काढून वाचला जातो, आणि वतनदारांचा भाग अंतर्गत कारभाराचा म्हणून निराळा ठेवला जातो. हे दोन भाग एकत्र वाचल्यास असे दिसून येते की, पहिल्या भागात सांगितलेला दंडक का टिकू शकला नाही, याचे उत्तर ग्रंथकाराने दुसऱ्या भागात स्वतःच देऊन ठेवले आहे. ते दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

टोपीकरांचा विचार आज्ञापत्रात स्वतंत्रपणे अवतरत नाही, तो साहुकारांच्या प्रकरणात येतो. ही रचना अर्थपूर्ण आहे. साहुकार हे राज्याचे भूषण होत, त्यांच्या योगाने राज्य आबाद होते आणि संकटकाळी कर्ज मिळते, असे प्रथम सांगितले आहे. परदेशीचे साहुकार आणून वसवावे, पेठा भराव्या, सणसमारंभी त्यांचा सन्मान करावा, त्यांचा अपमान होऊ देऊ नये, अशी शिकवण आहे. इतकेच नव्हे, तर शत्रूच्या मुलखातील साहुकार मोहिमेत हाती लागला, तर त्याच्याकडून खंडणी घ्यावी आणि मग आदरातिथ्य करून त्याला परत पाठवावे, असाही निर्देश आहे. सैनिक आणि व्यापारी यांत भेद करणारा हा दंडक तत्कालीन समाजाच्या नीतिकल्पनेचा द्योतक आहे.

या सामान्य नियमाला टोपीकर हा अपवाद म्हणून येतो. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन्मार्ककर ही मंडळीही व्यापारच करतात, पण ती इतर साहुकारांसारखी नव्हेत. कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचा राजा आहे, त्याच्या हुकमाने ते येतात, आणि राज्यकर्त्याला भूमीचा लोभ नसेल हे संभवत नाही, असा युक्तिवाद आज्ञापत्र करते. म्हणून त्यांचे येणेजाणे व्यापारापुरते असावे. जागा देणे भागच पडले तर ती समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये, आत दूर आणि सखल ठिकाणी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. जंजिऱ्यांत त्यांचा वावर होऊ देऊ नये. कारण आरमार आणि दारूगोळा हेच त्यांचे बळ आहे. शत्रुपक्षाच्या मुलखात व्यापार करताना ते सापडले, तर इतर साहुकारांप्रमाणे खंड घेऊन त्यांना सोडू नये, असेही बजावले आहे.

येथे ग्रंथकाराची खरी प्रज्ञा दिसते. इंग्रज दुष्ट आहेत म्हणून सावध राहा, असे तो म्हणत नाही. समाजाच्या रूढ वर्गीकरणात या मंडळींची जागा चुकली आहे, हे तो दाखवितो. ‘साहुकार’ हा शब्द उच्चारताच आदर, अभय आणि आश्रय ही सर्व कर्तव्ये आपोआप लागू होत. ती कर्तव्ये ज्या गृहीतावर उभी होती, म्हणजे व्यापाऱ्याजवळ सत्ता नसते या गृहीतावर, तेच टोपीकरांच्या बाबतीत असत्य होते. प्राचीन अर्थशास्त्रातील मंडलकल्पनेतही या प्रकारच्या परक्यास स्थान नव्हते. त्या कल्पनेत लगतचा राजा हा अरी आणि त्याच्या पलीकडचा मित्र, म्हणजे वैर आणि मैत्री ही भूमीच्या सलगतेवर अवलंबून. हजारो कोस दूर असलेला राजा व्यापाऱ्याच्या रूपाने दारात येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला अरी म्हणावे की मित्र, याचा निर्णय त्या चौकटीत होत नाही. आज्ञापत्राने या पेचासाठी नवा वर्ग कल्पिला, आणि त्या वर्गासाठी नवा दंडक घालून दिला.

३

हा दंडक निव्वळ तर्काने सुचलेला नव्हे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी तेथे येऊन आपल्या निशाणाखाली गडावर तोफा डागल्या. व्यापारी म्हणून ज्यांना राहू दिले ते युद्धात उतरले. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली आणि तेथील इंग्रजांना कैद केले, ते याच कारणाने. पुढील अनेक वर्षे इंग्रज या लुटीची भरपाई मागत राहिले. त्यांच्या मते ती व्यापाऱ्यांवरील अन्यायाची भरपाई होती, मराठ्यांच्या मते व्यापाऱ्याने व्यापाऱ्याची मर्यादा प्रथम मोडली होती. दोन्ही पक्ष एकाच घटनेकडे भिन्न दंडकांतून पाहत होते.

१६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर होता. त्या वेळच्या वाटाघाटींत एक लहानसा पण अर्थगर्भ प्रश्न उपस्थित झाला. वादळाने कोकणकिनाऱ्यास लागलेली आपली जहाजे आणि माल परत मिळावा, अशी इंग्रजांची मागणी होती. ती मराठ्यांच्या बाजूने नाकारण्यात आली. अशी परतफेड कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आदी अन्य व्यापारीही तीच मागतील, असे कारण दिले गेले. स्थानिक किनाऱ्यावरील एक सामाजिक रूढी अशा रीतीने दोन सत्तांमधील कराराचा विषय झाली. तसेच, एकास दिलेली सवलत सर्वांस द्यावी लागते, हा सार्वत्रिकतेचा विचारही त्या उत्तरात आहे. परराष्ट्रीय संबंधांत पूर्वोदाहरणाला किती वजन असते, याची जाणीव त्या दरबारात पुरेशी जागृत होती.

४

समुद्रावरील दंडकांचा संघर्ष याहून व्यापक होता. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात परवान्याची पद्धत चालविली होती. त्यांचा परवाना नसलेले जहाज ते जप्त करीत. सागरावर अशी मालकी कोणाची असू शकते काय, हा प्रश्न युरोपातही वादग्रस्त होता. डच कंपनीच्या वतीने १६०३ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडण्यात आले. त्या कृत्याच्या समर्थनार्थ ह्यूगो ग्रोशियस याने जो ग्रंथ रचला, त्यातील एक प्रकरण १६०९ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. समुद्र सर्वांना मुक्त आहे, हे त्याचे प्रतिपाद्य. १६३५ मध्ये इंग्रज विद्वान जॉन सेल्डन याने समुद्रावर राज्याचे स्वामित्व असू शकते, असा विरुद्ध पक्ष मांडला. म्हणजे ज्याला आज आंतरराष्ट्रीय कायद्याचे मूलतत्त्व मानले जाते, त्याचा एक महत्त्वाचा उगम आशियाई समुद्रातील एका जप्तीच्या वकिलीत आहे. पुढे डचांनीच मसाल्याच्या बेटांवर आपली मक्तेदारी बसविली, हेही विसरता येत नाही. दंडक घोषित करणे आणि तो स्वतःवर लादून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कान्होजी आंग्रे यांच्या प्रकरणी हा भेद स्पष्ट होतो. मराठी राज्याचे सरखेल या नात्याने त्यांनी कोकणच्या समुद्रात दस्तकाची पद्धत चालविली. दस्तक न घेणारी जहाजे पकडली. ही पद्धत पोर्तुगीजांच्या परवान्याहून तत्त्वतः वेगळी नव्हती. असे असूनही इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींना ‘चाचा’ म्हटले गेले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाब्यावर इंग्रजांनी चाल केली, आणि प्रत्येक वेळी ती निष्फळ ठरली. चाचा या शब्दाचे राजकीय कार्य येथे उघड होते. सागरी परवाना देण्याचा अधिकार कोणास आहे, हा मूळ वाद होता. आंग्रे यांना चाचा ठरविले की तो वादच संपुष्टात येतो, कारण चाच्याशी वाद करावयाचा नसतो, त्याला दंड करावयाचा असतो. आज्ञापत्राने टोपीकराला साहुकारांच्या वर्गातून काढले, इंग्रजांनी सरखेलाला राज्याधिकाऱ्यांच्या वर्गातून काढले. शस्त्रास्त्रांच्या लढाईइतकीच ही नामकरणाची लढाई महत्त्वाची होती.

५

येथपर्यंत आज्ञापत्राची बाजू भक्कम दिसते. परंतु कोणताही बाह्य दंडक पाळण्याची जबाबदारी शेवटी कोणावर असते, हा प्रश्न विचारला की ग्रंथातील वतनदारांच्या प्रकरणाकडे वळावे लागते.

देशमुख, देशकुलकर्णी, पाटील इत्यादींना वतनदार म्हणणे ही केवळ बोलण्याची पद्धत आहे. वस्तुतः ते लहानसे पण स्वतंत्र राजेच होत, असे अमात्य म्हणतात. ते राज्याचे दायाद आहेत, हा त्यांचा शब्द फार नेमका आहे. दायाद म्हणजे वारशाचा वाटेकरी भाऊबंद. तो परका नसतो, म्हणून त्याला हाकलता येत नाही. आणि तो संतुष्टही नसतो, म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. आहे तेवढ्यावर समाधान न मानणे, शेजाऱ्याचे बळकावणे, गढ्या बांधणे, आणि परचक्र आले की वतनाच्या आशेने शत्रूस आधीच जाऊन भेटणे, राज्याचे मर्म त्याला सांगणे, हे दोष अमात्यांनी निःसंकोचपणे नोंदविले आहेत. त्यांचा उपाय मध्यम मार्गाचा आहे. वतने उगीच बुडवू नयेत, पण वतनदारांस मोकळेही सोडू नये. याच्या जोडीस, सेवेबद्दल सेवकांना भूमी देणे हा राज्याचा ऱ्हास होय, वेतन रोख द्यावे, असा आग्रह ग्रंथात अन्यत्र आहे.

या उपदेशास एक करुण पार्श्वभूमी आहे. १६८९ नंतरच्या मोगलयुद्धात सरदारांना स्वराज्याच्या बाजूस राखण्यासाठी वतने आणि इनामे देण्याची आश्वासने द्यावी लागली. औरंगजेबही तेच आमिष दाखवीत होता. त्या काळी महाराष्ट्रातील कारभार ज्यांच्या हाती होता, त्यांत अमात्य अग्रगण्य होते. राज्य वाचले ते या सवलतींच्या बळावर, आणि राज्याचा सांधा सैल झाला तोही त्यांच्यामुळेच. आज्ञापत्रातील वृत्तिविषयक कठोर शब्द हे म्हणूनच शास्त्र्याचे वचन वाटत नाहीत, त्यांमागे प्रत्यक्ष घ्यावा लागलेला निर्णय आहे. ग्रंथकाराने हे कोठेही उघड म्हटलेले नाही; पण त्याच्या आयुष्यक्रमाशी ग्रंथ ताडून पाहिला असता हा निष्कर्ष टाळता येत नाही.

६

यापुढील इतिहास या दोन प्रकरणांच्या परस्परसंबंधाचे भाष्यच होय. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. वॉट्सन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रज फौजेने ही मोहीम पेशव्यांशी सख्य करून केली होती. तुळाजी आणि पेशवे यांचे वैर हे घरचे वैर होते. ते मिटविण्यासाठी टोपीकरास समुद्रमार्गाने जंजिऱ्यापर्यंत आणण्यात आले. किल्ल्यात इंग्रज आधी शिरले आणि लुटीची वाटणी त्यांनी आपसांतच केली. टोपीकरांस जंजिऱ्यात येऊ देऊ नये, या वचनाचा इतका स्पष्ट भंग शोधूनही सापडणार नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, आज्ञापत्र हे कोल्हापूरच्या गादीचे, पेशवे साताऱ्याच्या गादीचे सेवक. तेव्हा तो दंडक त्यांच्यावर बंधनकारक नव्हता. आक्षेप तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे, पण तो मूळ मुद्द्यास पुष्टीच देतो. एकाच राज्याच्या दोन गाद्या व्हाव्या आणि एकीचा दंडक दुसरीस लागू नसावा, हीच दायादपणाची परिसीमा होय. शिवाय कोल्हापूरच्या राज्यालाही हा दंडक तारू शकला नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग जिंकून त्याला इंग्रजी नाव दिले, आणि पुढे तहानेच तो कोल्हापूरकडे परत आला.

१७७५ मध्ये रघुनाथरावांनी पेशवेपदासाठी सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि साष्टी व वसई देण्याचे मान्य केले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. दोन्ही प्रसंगी प्रेरणा एकच होती. घरच्या वाटणीत हरलेल्या वाटेकऱ्याने बाहेरच्या बलिष्ठाचा आश्रय केला. अमात्यांनी देशमुख-पाटलांचे जे लक्षण सांगितले, ते आता खुद्द पेशव्यांच्या घरास लागू पडले. परचक्र आले असता वतनासाठी आधी जाऊन भेटण्याची वृत्ती गावच्या पातळीवर दोष होती, राज्याच्या शिखरावर पोहोचताच ती परराष्ट्रनीती झाली.

७

दंडकाचे यश त्याच्या शहाणपणापेक्षा त्याच्या आधारावर अवलंबून असते, हे तुलनेने अधिक स्पष्ट होईल. आज्ञापत्राच्या पाऊणशे वर्षे आधी जपानने जवळजवळ हेच धोरण स्वीकारले होते. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना तेथे बंदी झाली, आणि १६४१ मध्ये डचांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या कृत्रिम बेटावर नेऊन ठेवण्यात आले. त्यांचे येणेजाणे व्यापारापुरते राहिले. ही व्यवस्था १८५० नंतरच्या दशकापर्यंत टिकली. तिचे एक प्रमुख कारण असे की, तोकुगावा शासनाने आपल्या सरंजामदारांवर आधी बंधने घातली होती. १६३५ च्या नियमाने त्यांना ठराविक काळ एदो येथे राहावे लागे, आणि त्यांची कुटुंबे तेथेच ओलीस असल्यासारखी असत. घरच्या दायादास प्रथम आवरले, म्हणून दारच्या टोपीकरास आवरता आले. अर्थात ही तुलना मर्यादेतच घ्यावयास हवी. जपान हे द्वीपराष्ट्र आहे, आणि त्याच्या एकांतवासाचे मोल तेथील प्रजेने अनेक प्रकारे दिले. बंधनाखालील सुव्यवस्था म्हणजे सर्वांगीण कल्याण असे कोणी म्हणणार नाही.

दुसरे टोक बंगालचे. आज्ञापत्रानंतर दोनच वर्षांनी, १७१७ मध्ये, बादशहा फर्रुखसियर याने इंग्रज कंपनीला वार्षिक तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात बंगालमधील व्यापार जकातमुक्त करून दिला. दरबाराच्या दृष्टीने ती व्यापाऱ्यास दिलेली कृपा होती. कंपनीच्या नोकरांनी ती सवलत आपल्या खाजगी व्यापारासाठीही वापरली, आणि त्यावरून बंगालच्या नवाबांशी जे कलह झाले, त्यांचे पर्यवसान १७५७ च्या प्लासीच्या लढाईस कारण होण्यात झाले. जो भेद आज्ञापत्राने ओळखला होता, तो या फर्मानात ओळखलेला नाही. जपानात दंडकही होता आणि त्याचा आधारही होता, बंगालात दोन्ही नव्हते. महाराष्ट्रात दंडक होता, आधार नव्हता.

८

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अलीकडील अभ्यासात दंडकांना मोठे महत्त्व आले आहे. मार्था फिनेमोर आणि कॅथरिन सिक्किंक यांनी १९९८ मध्ये दंडकांच्या जीवनक्रमाची तीन टप्प्यांची मांडणी केली. प्रथम काही प्रवर्तक नवा दंडक पुढे आणतात, मग अनेक राज्ये तो स्वीकारतात, आणि शेवटी तो इतका अंगवळणी पडतो की त्याविषयी चर्चाही होत नाही. ही मांडणी उपयुक्त आहे. पण ती मुख्यतः राज्याराज्यांमध्ये पसरणाऱ्या दंडकांकडे पाहते. आज्ञापत्राचे उदाहरण तिला एक पुरवणी जोडते. येथे प्रवर्तक होता, विचार परिपक्व होता, अनुभवाचे पाठबळही होते. परंतु ज्या समाजात तो दंडक रुजावयाचा, त्या समाजाचा सर्वांत जुना आणि बळकट दंडक वतनाचा होता. वतनासाठी प्राण देणे हा पुरुषार्थ, आणि वतनासाठी पक्ष बदलणे हा अक्षम्य अपराध नव्हे, अशी ती समाजनीती होती. नव्या राजनैतिक दंडकाचा सामना परकीय सत्तेशी होण्यापूर्वीच या घरच्या दंडकाशी झाला, आणि त्यात तो हरला.

याचा अर्थ वतनसंस्था केवळ अनिष्ट होती असा नव्हे. मोगलांच्या प्रदीर्घ आक्रमणात राजा परमुलखी असताना गावोगावचा प्रतिकार ज्या लोकांनी चालविला, त्यांना लढण्यास आपले असे काही होते, ते वतनच होते. जी गोष्ट राज्याला एका पिढीत तारते, तीच दुसऱ्या पिढीत त्याची परराष्ट्रनीती पोखरू शकते. अमात्य हे जाणून होते. म्हणूनच त्यांनी वतने बुडवा असे म्हटले नाही आणि वतनदारांवर विश्वास ठेवा असेही म्हटले नाही. मात्र या दोहोंच्या मधला मार्ग कोणत्या संस्थेने चालवावयाचा, याचे उत्तर त्यांच्या ग्रंथात नाही. तो भार त्यांनी राजाच्या व्यक्तिगत विवेकावर सोपविला. राजा समर्थ असता तो विवेक पुरला असता. राजा दुर्बल किंवा गादी विभक्त असता त्याला आधार उरत नाही. आज्ञापत्राची ही मर्यादा मान्य केल्याने त्याची थोरवी कमी होत नाही. परक्याचे खरे स्वरूप ओळखण्यात त्या ग्रंथाचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु ती ओळख कृतीत उतरविण्याचे सामर्थ्य राज्याच्या अंतर्गत घडणीतून येते, आणि त्या घडणीतील भेगाही त्याच ग्रंथाने नोंदविल्या आहेत. म्हणून टोपीकरांचे प्रकरण यापुढे वतनदारांच्या प्रकरणासह वाचले जावे, हेच इष्ट होय.